सहभागी निरीक्षण: लोकांत राहून लोक समजून घेण्याची रीत

महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात प्रश्नावली घेऊन गेलात आणि विचारलंत, "वडिलांच्या जमिनीत बहिणींना वाटा देता का?" तर बऱ्याच घरांतून उत्तर येईल, "कायदाच आहे, देतो की." हे उत्तर खोटं असतंच असं नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे गावात पुष्कळांना ठाऊक असतं. सातबाऱ्यावर बहिणींची नावंही लागलेली असतात. पण त्याच गावात वर्षभर राहिलात तर पुढचा भाग दिसतो. भावाकडे काहीतरी कार्य निघतं, बहिणी माहेरी येतात आणि जाण्याआधी तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या करतात. बदल्यात कागदावर काहीच नसतं. पण दिवाळीचं माहेरपण चालू राहतं, भाच्याच्या लग्नात मामाचा आहेर येतो, सासरी काही बिनसलं तर हक्काने जायला एक घर उरतं. बहिणीला विचारलं तर ती म्हणते, "माहेर तुटायला नको."

लोक काय सांगतात, काय करतात आणि काय करायला हवं असं त्यांना वाटतं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्नावलीच्या हाती बहुधा पहिली आणि तिसरी लागते. तिन्ही एकत्र बघण्यासाठी मानवशास्त्राने जी पद्धत घडवली तिला सहभागी निरीक्षण म्हणतात. संशोधक ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यात दीर्घकाळ राहतो, त्यांची भाषा बोलतो, त्यांच्या रोजच्या कामांत सामील होतो आणि जे पाहिलं-ऐकलं ते रोज लिहून ठेवतो. यातला शेवटचा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. 'मी सहा महिने तिथे राहिलो' एवढ्याने संशोधन होत नाही. गावात राहिलेले शिक्षक, ग्रामसेवक आणि डॉक्टर संशोधकापेक्षा जास्त वर्षं राहिलेले असतात. फरक पडतो तो वहीमुळे.

पद्धत कुठून आली

एकोणिसाव्या शतकातले बरेचसे मानवशास्त्रज्ञ प्रवासी, मिशनरी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी धाडलेल्या माहितीवर घरबसल्या ग्रंथ लिहीत. १८९८ साली ए. सी. हॅडन यांच्या नेतृत्वाखाली केंब्रिजची तुकडी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली, तेव्हापासून अभ्यासक स्वतः जाऊ लागले. त्या तुकडीतल्या डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी वंशावळी गोळा करण्याची शिस्तशीर रीत घालून दिली. पुढे त्यांनी आपल्याकडच्या निलगिरीतल्या तोडा लोकांचाही अभ्यास केला. मात्र या कामात मुक्काम थोडा असे आणि दुभाष्याशिवाय चालत नसे.

खरं वळण दिलं ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी. १९१५ ते १९१८ या काळात दोन मुक्कामांत मिळून साधारण दोन वर्षं ते ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. ही बेटं आज पापुआ न्यू गिनी या देशात आहेत. ओमाराकाना गावात, लोकांच्या घरांच्या मध्येच, त्यांनी तंबू ठोकला आणि स्थानिक भाषा शिकून घेतली. १९२२ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात 'कुला' या देवघेवीचं वर्णन आहे. समुद्रातल्या बेटांच्या एका मोठ्या वर्तुळात तांबड्या शिंपल्यांचे हार घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखाची कंकणं उलट दिशेने. कुणीही वस्तू कायमची ठेवून घेत नाही. प्रत्येक माणसाला आपले भागीदार कोण आणि आपल्याकडचा हार कुणाकडून आला हे पक्कं माहीत होतं, पण संपूर्ण वर्तुळाचा नकाशा कुणाच्याही डोक्यात नव्हता. म्हणजे 'कुला म्हणजे काय?' हा प्रश्न विचारून कुला कळला नसता. शेकडो छोटे व्यवहार बघून तो जोडावा लागला.

माहितीचे तीन थर करा, असं मालिनोव्स्की यांनी सांगितलं. पहिला थर सांगाड्याचा: नकाशा, घरांची मोजणी, वंशावळी, जमिनीचे आणि देण्याघेण्याचे तक्ते. दुसरा रोजच्या जगण्याचा: कोण कुणाशी कसं बोलतं, जेवायला कोण आधी बसतं, भांडण कशावरून पेटतं आणि कोण मिटवतं. तिसरा लोकांच्या शब्दांचा: म्हणी, मंत्र, कहाण्या, ठरावीक बोलणी, जशीच्या तशी उतरवलेली. शंभर वर्षं झाली तरी ही विभागणी कामाला येते. नवखा अभ्यासक बहुतेक वेळा दुसऱ्याच थरात रमतो आणि पहिला राहून जातो. मग लिहायला बसल्यावर कळतं की 'बरेच जण' म्हणजे किती घरं, हे आपल्याला सांगताच येत नाही.

पहिला महिना: नकाशा, चुली, वंशावळ

गावात पोचल्यावर लगेच नाजूक विषयाला हात घालायचा नसतो. पहिले तीन-चार आठवडे सांगाड्याचं काम करायचं. त्याचा दुहेरी फायदा असतो. घरोघर जायला कारण मिळतं आणि 'हा माणूस काय करतो?' या प्रश्नाला गावाला समजेल असं उत्तर मिळतं.

नकाशा पावलांनी मोजून हाताने काढावा. उपग्रहाच्या चित्रात घरं दिसतात, पण कोणती गल्ली कुणाची, पाणी कुठे भरतात, संध्याकाळी पुरुष कोणत्या पारावर बसतात आणि बायका कुठल्या ओट्यावर, हे दिसत नाही. मोजणी करताना घरं मोजू नयेत, चुली मोजाव्यात. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे जेवत असतात. दोन वेगळ्या रेशनकार्डांवरची माणसं एकाच चुलीवरचं खात असतात. दर चुलीमागे माणसं, वय, नातं, सुनांची माहेरं, जिरायत आणि बागायत जमीन, जनावरं, बाहेरगावी कमवायला गेलेले, एवढं तरी हवं. कायम गावात नसणारे, म्हणजे ऊसतोडीला किंवा मुंबईला गेलेले, यांची वेगळी खूण करावी. नाहीतर गाव निम्मंच मोजलं जातं.

वंशावळीत पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ, लग्नासाठी बरोबरची खूण आणि मृत व्यक्तीवर तिरकी रेघ, ही चिन्हं जगभर चालतात. तीन पिढ्या मिळाल्या तरी भावकी आणि सोयरीक डोळ्यांसमोर येते. पुढे ग्रामपंचायतीत कोण कुणाच्या बाजूने उभं राहतं, याचा उलगडा पुष्कळदा याच तक्त्यातून होतो. एक अडचण लक्षात ठेवावी: जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तिथे अडून न बसता नणंदेला किंवा मुलाला विचारावं. एकाच माणसाकडून सगळी वंशावळ घेतली तर वाळीत टाकलेल्या आणि भांडून गेलेल्या शाखा गळतात, म्हणून ती निदान दोन घरांतून ताडून पाहायला हवी.

मुक्काम किती? साधारण एक वर्ष धरतात, कारण शेतीचं आणि सणांचं एक पूर्ण चक्र बघायला तेवढा काळ लागतो. पेरणीच्या दिवसांतल्या गावात उसनवारी चालू असते. सुगीतल्या गावात तीच उसनवारी फेडली जाते आणि त्यावरून भांडणंही होतात. चारच महिने बघणाऱ्याला यातली एकच बाजू दिसते.

कुणाच्या दारातून शिरलात

गावात शिरताना कुणीतरी ओळख करून देतं. ती ओळख पुढचं सगळं संशोधन घडवते. एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले. त्यांनी त्याला रामपुरा हे टोपणनाव दिलं. त्यांचा मुक्काम गावच्या पाटलाच्या आश्रयाने होता आणि ते स्वतः ब्राह्मण होते. त्यामुळे गावातल्या वजनदार शेतकऱ्यांचं जग त्यांना आतून दिसलं, दलित वस्तीशी मात्र तितका संबंध आला नाही. ही मर्यादा त्यांनी मान्यही केली. तमिळनाडूतल्या तंजावर भागात १९६१-६२ मध्ये काम करणारे आंद्रे बेतेई अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत राहिले. तिथे राहायला मिळालं याची किंमत अशी की दलितांच्या वस्तीत मोकळेपणी ये-जा करणं अवघड झालं.

सगळ्यात बोलकं उदाहरण खुद्द ट्रोब्रियांड बेटांचं आहे. मालिनोव्स्की यांच्यानंतर पन्नासेक वर्षांनी, १९७१ साली, ॲनेट वाइनर तिथे गेल्या. कुणी मेल्यावर तिथल्या बायका केळीच्या सुकलेल्या पानांच्या जुड्या आणि पानांचेच घागरे मोठ्या प्रमाणावर वाटतात. ही बायकांची संपत्ती. तिच्यातून मृताच्या कुळाची देणी फिटतात आणि कुळाची पत ठरते. मालिनोव्स्की यांच्या तंबूपासून हे सगळं फार लांब घडत नव्हतं. पण त्यांनी पुरुषांच्या देवघेवीला केंद्र मानलं आणि या जुड्यांना अर्थव्यवस्थेत जागाच दिली नाही. वाइनर बायकांमध्ये बसल्या आणि त्यांना ते दिसलं. पद्धत तीच, बेटं तीच, बसायची जागा वेगळी.

म्हणून एक काम पहिल्या महिन्यातच करावं: 'मी कुठे जाऊ शकत नाही?' याची यादी. पुरुष संशोधकाला माजघर आणि बाळंतिणीची खोली बंद असते, बाई संशोधकाला रात्रीचा पत्त्यांचा अड्डा. ही यादी नकाशाच्या शेजारीच ठेवावी आणि लेखनात उघडपणे सांगावी.

आणखी एक सापळा. पहिल्या आठवड्यात जो स्वतःहून येऊन खूप बोलतो, तो अनेकदा गावाच्या कडेला पडलेला असतो: हरलेला उमेदवार, भावकीशी वाकडं असलेला, किंवा पाहुण्यांना सांभाळणं हेच ज्याचं काम असतं तो. त्याचं ऐकावं, पण त्याच्याबरोबरच फिरत राहू नये. दोन गटांच्या गावात एका गटाच्या मोटरसायकलवर चार वेळा दिसलात की दुसऱ्या गटाची दारं बंद होतात. ती पुन्हा उघडायला महिने जातात.

सहभाग किती

रेमंड गोल्ड यांनी १९५८ साली चार पायऱ्या मांडल्या: पूर्ण सहभागी, निरीक्षण करणारा सहभागी, सहभागी होणारा निरीक्षक आणि निव्वळ निरीक्षक. प्रत्यक्षात एकाच दिवसात माणूस या पायऱ्यांवर वरखाली होतो. सकाळी खुरपणीला बसतो, दुपारी ग्रामसभेत मागे बसून ऐकतो. खुरपणीत हात गुंतल्यावर लिहिता येत नाही, पण बायकांच्या गप्पांत जागा मिळते. ग्रामसभेत भरपूर लिहिता येतं, पण तिथे लोक जपून बोलतात. दोन्ही लागतं.

सहभागाने नेमकं काय बदलतं, हे इरावती कर्व्यांच्या पंढरपूरच्या वारीवरच्या लेखात फार चांगलं दिसतं. मराठीत लिहिलेला हा लेख १९६२ साली इंग्रजीतून 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्येही आला. त्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर दिंडीत चालल्या. दिंडी एक, अभंग एक, पण जेवणाच्या पंगती ब्राह्मणांच्या वेगळ्या आणि मराठ्यांच्या वेगळ्या. हे बाजूने चालणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. कर्वे पुढे गेल्या. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. त्यानंतर त्या बायका हात धरून सोबत चालू लागल्या, घरच्या गोष्टी सांगू लागल्या, 'ताई' म्हणू लागल्या. पुण्याला आलो की तुमच्याकडे येऊ, असं म्हणू लागल्या. त्यावर एका तरुण मुलीने विचारलं, की तेव्हाही तुम्ही आमच्याशी असंच वागाल का? कर्व्यांच्या हा प्रश्न जिव्हारी लागला आणि तो त्यांनी लिहून ठेवला. जातीविषयीचं हे वाक्य कोणत्याही मुलाखतीत मिळालं नसतं. ते एका जेवणानंतर मिळालं.

वही

टिपणं चार प्रकारची असतात. जागेवर खरडलेले शब्द, त्याच रात्री सविस्तर लिहिलेलं टिपण, आपल्या तर्कांची आणि पुढच्या प्रश्नांची वेगळी नोंद, आणि स्वतःच्या चिडचिडीसाठी खाजगी डायरी. मालिनोव्स्की यांची अशी डायरी १९६७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली. तिच्यात लोकांविषयी राग, कंटाळा, अपशब्दही आहेत. ते वाचून खूप जणांना धक्का बसला. डायरी लिहावीच, कारण आज मला अमुक माणूस नकोसा झाला होता हे माहीत असेल तर त्या दिवशीचं टिपण सावधपणे वाचता येतं.

आठवडी बाजारातलं एक नमुन्याचं टिपण बघू. वाईट टिपण असं: 'बायका भाजीवालीशी घासाघीस करत होत्या. भाजीवाली गरीब पण मनमिळाऊ वाटली.' यात काहीच नाही. कोण, किती, काय बोललं, काहीही नाही, आणि 'मनमिळाऊ' हा आपला निवाडा आहे. तोच प्रसंग असा लिहावा:

'बुधवार, १०.४० ते १०.५५. भाजीवाली क्र. ३, पन्नाशीची, बारदानावर बसलेली. समोर मेथीच्या ८ जुड्या, बाकीच्या ओल्या फडक्याखाली. गिऱ्हाईक १ (बाई, ओळखीची दिसली नाही): "कशी दिली?" "वीसला दोन." "तीन द्या." उत्तर नाही, जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली. बाई तीनेक पावलं पुढे गेली. "या इकडं. दोनच, पण ही कोथिंबीर घ्या." मूठभर कोथिंबीर वर घातली. बाईने घेतली. गिऱ्हाईक २ (बाई, भाजीवाली तिला "आक्का" म्हणाली): भाव विचारला नाही. दोन जुड्या आणि कोथिंबीर न मागता मिळाली. "पैसं बुधवारी दे." [तर्क: भाव हलत नाही, नातं वर घातलेल्या कोथिंबिरीत आणि उधारीत दिसतं. तपासायचं: उधारी फक्त वाडीतल्यांना का? पुढच्या बुधवारी सलग २० व्यवहार मोजणे.]'

दुहेरी अवतरणात फक्त ऐकलेले शब्द, जसेच्या तसे. आठवणीतून लिहिलेलं बोलणं अवतरणाशिवाय. स्वतःचा तर्क चौकोनी कंसात. ही शिस्त सुरुवातीला कंटाळवाणी वाटते, पण आठ महिन्यांनी वही उघडल्यावर आपण काय पाहिलं आणि काय समजून घेतलं, हे वेगळं करायला दुसरा मार्ग नसतो. शेवटची ओळही महत्त्वाची आहे. चांगलं निरीक्षण मोजणीकडे नेतं. वीस व्यवहार मोजल्यावर तर्क टिकला तर तो निष्कर्षाच्या जवळ आला, नाही टिकला तर त्याहून चांगला प्रश्न हाती आला.

बाजारात एक तास बसलात तर रात्री लिहायला दोन तास धरून चला. लिहिण्याआधी कुणाशी त्या प्रसंगाबद्दल बोलू नये, कारण सांगताना गोष्ट गुळगुळीत होते आणि मग तीच सांगितलेली आवृत्ती वहीत उतरते. झोप काढून सकाळी लिहू म्हटलं तर बोलण्याचे नेमके शब्द गेलेले असतात. दोन दिवसांचं साचलं तर दोन्ही दिवस एकमेकांत मिसळतात. पहिल्या तीन आठवड्यांत जे विचित्र वाटतं ते सगळं लिहून काढावं. तिसऱ्या महिन्यात तेच इतकं सवयीचं होतं की नजरेला पडतच नाही.

आणि प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. श्रीनिवास यांनी अठरा वर्षं नीटनेटकी करत आणलेली रामपुराची टिपणं अमेरिकेत स्टॅनफर्डच्या एका अभ्यास केंद्रात होती. २४ एप्रिल १९७० रोजी तिथे आग लावण्यात आली. तिन्ही प्रती एकाच खोलीत होत्या आणि त्या जळाल्या. १९७६ साली आलेलं त्यांचं रामपुरावरचं प्रसिद्ध पुस्तक त्यांनी मुख्यतः स्मरणातून लिहिलं.

संमती आणि नावं

आपण संशोधक आहोत हे लपवायचं नाही. ते एकदा सांगूनही भागत नाही, कारण चार महिन्यांनी लोक विसरतात आणि घरच्यासारखं बोलू लागतात. कुणी खूप खाजगी काही सांगितलं तर 'हे लिहू का?' असं तिथेच विचारावं. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता, ग्रामपंचायतीची परवानगी आणि अंदमानातल्या संरक्षित आदिवासी क्षेत्रांसारख्या ठिकाणी लागणारा सरकारी परवाना, या वेगळ्या पायऱ्या आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

नाव बदललं की ओळख लपते, हा मोठा गैरसमज आहे. गावात सरपंच एकच असते. 'एका महिला सरपंचाने' असं लिहिलं तरी सगळा तालुका ओळखतो. अशा वेळी तपशील हलवावे लागतात, दोन व्यक्ती एकत्र कराव्या लागतात किंवा तो प्रसंग सोडून द्यावा लागतो. वकील आणि अशिलामधल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे ते संशोधकाच्या वहीला नाही. म्हणून हातभट्टी, वीजचोरी, जंगलातली लाकूडतोड यांविषयी लिहिताना वहीतही खरी नावं घालू नयेत. सांकेतिक क्रमांक वापरावेत आणि क्रमांकांची किल्ली वेगळीकडे ठेवावी.

काय जमत नाही

या पद्धतीने जिल्ह्यात किती टक्के बहिणी हक्क सोडतात हे कळणार नाही. त्यासाठी नमुना पाहणीच लागते. पण पाहणीत कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, हे आधी गावात राहिलेल्यालाच सांगता येतं.

'तुम्ही तिथे आहात म्हणून लोक वेगळं वागतात' हा आक्षेप खरा आहे, पहिले काही आठवडे तर नक्कीच. पुढे लोकांना आपापली कामं असतात. पाहुण्यासाठी रोज नाटक करत राहणं कुणाला परवडत नाही. तरी ग्रामसभा किंवा पोलिस येण्यासारख्या प्रसंगी हा परिणाम उरतोच. तिथे आपण नसताना काय झालं हे दोघा-तिघांकडून वेगवेगळं ऐकून ताडून घ्यावं.

निघायच्या आधी निदान तीन आठवडे फक्त तपासणीसाठी ठेवावेत. पहिल्या महिन्यातली चुलींची मोजणी पुन्हा करावी: कोण वेगळं निघालं, कोण वारलं, कुठली सून आली. ज्या तर्कांवर लेखन उभं राहणार आहे त्यांच्या विरुद्ध जाणारी घरं मुद्दाम शोधावीत. ज्या बहिणींनी हक्क सोडला नाही त्यांचं माहेर खरंच तुटलं का, हे बघावं. आणि आपल्याला काय समजलं ते गावातल्या दोन-चार वेगवेगळ्या गटांच्या माणसांना तोंडी सांगावं. ते जिथे "असं नाही" म्हणतील तिथे त्यांचं म्हणणं आणि आपलं निरीक्षण, दोन्ही तारखेसह वहीत उतरवावं.